स्वतःस, खुलासा करावा

नकलेत अप्पा करायचे असले तर आधी हनुवटी गळ्यात घालायची. मग तीनदा खाकरायचं. दोन बारके, आन् तिसरा असा की खिडकीतली चिमणी उडाली पाहिजे. मग डोळे मिटायचे, फोन कानापासून चार बोटं लांब धरायचा आन् नाकातून म्हणायचं, "हां, बोला. हौदु. हौदु. लिहून घेतो. ठेवा."

झाले अप्पा. 'हौदु' म्हणजे कानडीत हो. अप्पा उदगीरच्याही पलीकडचे, त्यांच्या घरात निम्मं कानडी चालायचं. राग आला की मराठी, समाधानात असले की हौदु. आन् ते बहुतेक वेळ समाधानातच असायचे. सगळा घोळ तिथंच होता, कारण त्या साली समाधानात असण्यासारखं काहीच नव्हतं. दोन पावसाळे कोरडे गेले होते. मांजरा नदीच्या पात्रात पोरं क्रिकेट खेळायची आन् चेंडू हरवला तरी तो पाण्यात गेला असं म्हणायची सोय नव्हती.

लातूर नुकतंच जिल्हा झालेलं. जिल्हा झाला म्हणजे नेमकं काय झालं, हे पहिली काही वर्षं कुणालाच मालूम नव्हतं. पाट्या रंगवून आल्या होत्या, टेबलं यायची होती. जुन्या जिल्ह्याहून फायली पोत्यात भरून ट्रकनं आल्या आन् खुर्च्या येईपर्यंत आम्ही त्या पोत्यांवरच बसायचो. अशा एका कचेरीत, कोणत्या ते सांगत नाही, मी हंगामी क्लार्क म्हणून लागलो. माझं शिक्षण अहमदपूरला झालं. शिक्षण म्हणजे काय, मास्तरांच्या नकला. एकदा हेडमास्तरांच्या आवाजात भिंतीआडून "सोडा वर्ग!" असं ओरडलो तर तीन वर्ग सुटले होते. त्यात हेडमास्तरांचाही एक होता.

अप्पा त्या पोत्यांसोबतच बदली होऊन आले. पाणीटंचाईचं टेबल त्यांच्याकडं आलं, आन् त्यांच्या हाताखाली मी. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे. दुपारपर्यंत घामानं त्यातला दीड उरायचा. डब्यात कायम भाकरी आन् शेंगाची चटणी. डबा झाला की एक पाठकोरा कागद घ्यायचे, कचेरीच्या मागं लिंबाखाली जाऊन बसायचे आन् अर्धा तास लिहायचे. कुणी हाक मारली तरी उठायचे नाहीत.

मला वाटलं, कविता करतात. म्हणलं, करू द्या, वय झालंय. पण एक दिवस मागून जाऊन वाचलं. कागदावर पक्क्या सरकारी भाषेत लिहिलं होतं:

"प्रति, स्वतःस. आपण आज सकाळी शिपायास पाणी आणावयास सांगताना 'मेल्या' हा शब्द वापरला. सबब खुलासा करावा."

खाली, जरा वेगळ्या अक्षरात:

"शब्द वापरला, मान्य. तहान लागली होती, परंतु हे कारण होत नाही. तहान त्यासही होती."

आन् त्याच्याही खाली, साहेब लोक मारतात तसा तिरका शेरा: "खुलासा अमान्य. माफी मागावी."

मेमो देणारे अप्पा, मेमो घेणारे अप्पा, शेरा मारणारेही अप्पाच. हसू दाबायला मी तोंडावर हात धरला. तेवढ्यात ते उठले आन् सरळ शिपायाकडं गेले.

"सकाळी तुला मेल्या म्हनलो. माफ कर."

शिपाई घाबरला. "कवा म्हनलाव अप्पा? मला तर ऐकू बी आलं न्हाई."

"मला आलं," अप्पा म्हणाले.

परत येऊन कागदाचे आठ तुकडे केले आन् लिंबाखाली एक शेळी घुटमळत असायची तिला घातले. दुष्काळात तिला कागदाचं काही वाटत नव्हतं. "फाईल बंद," असं म्हणून अप्पा टेबलावर आले आन् कानडीत काहीतरी गुणगुणत कामाला लागले.

हे रोज. कधी खुलासा मान्य व्हायचा, तेव्हा खिशातून गुळाचा खडा काढून स्वतःला बक्षीस द्यायचे. कधी अमान्य व्हायचा, तेव्हा आमच्यापैकी कुणाच्या तरी टेबलासमोर येऊन उभे राहायचे. एकदा शनिवारी उदगीरला जाताना त्यांनी सगळ्यांसारखा एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरली. लेकरू काखेला घेतलेली एक बाई उभी राहिली. अर्ध्या वाटेत ह्यांचा आतल्या आत खुलासा सुरू झाला, तो अमान्य झाला, आन् ह्यांनी जागा सोडली. इथपर्यंत ठीक आहे. पण त्यानंतर महिनाभर ते शनिवारी रुमाल टाकायचे, जागा धरायचे आन् मोठ्यानं विचारायचे, "कुनाला पायजे?" कंडक्टरला वाटलं, हा म्हातारा जागा विकतो. दोनदा खाली उतरवलं. अप्पा ते मला सांगताना डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसत होते.

मी एकदा विचारलं, "अप्पा, रोज रोज सोताच्या चुका काढताव, आन् तरी एवढं खुश कसं ऱ्हाताव? माझं तर येक चूक दिसली की दिवस खराब होतो. मनून मी बघतच न्हाई."

"खुलासा म्हंजी काय रं?" त्यांनीच उलट विचारलं.

"साहेब मागतेत त्यो."

"आन् दुसरा?"

आता दुसरा खुलासा म्हणजे आपल्याकडं सकाळी पोटाचा होतो तो. म्हातारी माणसं एकमेकांना विचारतात, काय, खुलासा झाला का? मी जरा लाजलो.

"लाजतूस काय! दोन्ही येकच," अप्पा म्हणाले. "आत साठलेलं भायेर आलं की मानूस हलका. ह्यात मोठं ग्यान कायबी न्हाई. पन वेळच्या वेळी पायजे, आन् झाल्यावर उठून यायला पायजे. तिथंच बसून ऱ्हायचं न्हाई."

हे शेवटचं आमच्या आवक-जावक क्लार्ककडं बघून होतं. तो गृहस्थ दिवसभर सुस्कारे सोडायचा. माझंच चुकलं, मीच मूर्ख, मी त्या वेळी तसं करायला नको होतं. कोणत्या वेळी, कसं, ते कधी सांगायचा नाही. अप्पा त्याला सगळ्यांसमोर म्हणाले, "तुला वाटतंय तू विचार करून ऱ्हायलास. ह्यो विचार न्हाई, ह्ये बद्धकोष्ठ हाय. काय केलंस ते येका ओळीत लिही, शेरा मार आन् ऊठ."

मलाही त्यांनी एकदा कागद दिला. मी लिहिलं, "प्रति, मी. आपण इतके हुशार व देखणे का आहात, खुलासा करावा." अप्पांनी चष्मा लावून गंभीरपणानं वाचलं. म्हणाले, "ह्ये प्रमाणपत्र झालं," आन् शेळीला घातलं. शेळीनं ते खाल्लं नाही, हे मात्र मला लागलं.

आता फोनचं सांगतो.

टंचाईच्या टेबलावर काळा फोन होता आन् तो कायम पाण्यासाठी वाजायचा. अप्पा प्रत्येक फोन नोंदवहीत उतरवायचे आन् प्रत्येकाला तेच सांगायचे, "लिहून घेतो." टँकर मोजके, गावं ढीगभर. त्यामुळं 'पाठवतो' हा शब्द ते चुकूनसुद्धा उच्चारायचे नाहीत. "आपल्या हातात लिहिनं हाय," म्हणायचे, "पाठवनं साहेबाच्या हातात हाय."

अप्पा लिंबाखाली गेले की खोलीत मी एकटा. मग पलीकडच्या खोलीतला टायपिस्ट आतल्या लाईनीवरून फोन करायचा. तो आवाज बदलून सरपंच व्हायचा, मी अप्पा व्हायचो. "अप्पा, टँकर पाठवा, मला दाढी करायची हाय." "हां, बोला. हौदु. दाढी लिहून घेतो." असं आमचं चालायचं.

त्या दिवशी असाच फोन वाजला. खरखर लई होती.

"हालो! टंचाईचे अप्पा हायत का? मी वरच्या वाडीचा सरपंच!"

मी हनुवटी गळ्यात घातली. तीनदा खाकरलो. "हां, बोला. हौदु."

"अप्पा, आड तळाला गेला हो. टँकर कवा देताव?"

म्हणलं, आज गडी रंगात आलाय. रोजचं 'लिहून घेतो' म्हणायचा कंटाळा आला होता. "दोन पाठवतो," मी म्हणलं. "येक पेयाला, येक पवायला."

पलीकडं नुसतीच खरखर. मग हळूच, "दोन? कवा?"

"उद्या सकाळी. आड धुऊन ठेवा. घान आडात सरकारी पानी वतत न्हाई आमी."

"लई उपकार झाले अप्पा," तिकडचा आवाज भरून आला. "लई उपकार." आन् फोन बंद झाला.

मी रिसीव्हर ठेवला आन् मनात म्हणलं, लेकाचा काय नक्कल करतो! रडण्याचा आवाज मलासुद्धा एवढा जमत नाही.

दोन दिवसांनी सकाळी कचेरी उघडली तर दारात एक पटकेवाला माणूस आन् सात-आठ बाया. सगळ्यांच्या काखेत रिकाम्या घागरी. पुढं एक म्हातारी, तिच्या हातात जर्मनची ताटली, ताटलीत काळा चिखल.

"ह्ये बगा," म्हातारीनं ताटली अप्पांच्या टेबलावर ठेवली. "आडात ह्ये ऱ्हायलंय."

पटकेवाला सरपंच होता. खराखुरा, वरच्या वाडीचा. पाच मैल सायकल मारून पोस्टातून फोन केलेला. "अप्पा, तुमी आड धुवा म्हनलाव, आमी धुतला. तळाला हंडाभर पानी व्हतं ते जनावराला घातलं. काल दिवसभर बाया वाटेवर हुब्या. दोन टँकर म्हनलाव, येक बी न्हाई!"

"मी?" अप्पा म्हणाले.

"तुमीच की. त्यो खाकरा काय दुसऱ्याचा हाय का?"

मी टायपिस्टकडं बघितलं. तो कुजबुजला, "माझ्याकडं काय बघतूस? मी परवा सुट्टीवर व्हतो."

अप्पांनी नोंदवही उघडली. परवाचं पान बोटानं वरपासून खालपर्यंत बघितलं. वरच्या वाडीची नोंद नव्हती. त्यांनी वाद घातला नाही. टोपी घातली आन् बाहेर पडले. नव्या जिल्ह्यात रोज कशाचं ना कशाचं उद्घाटन असायचं. त्या दिवशीच्या मांडवात सडा मारायला एक टँकर निघाला होता. अप्पा रस्त्यात त्याच्यापुढं आडवे उभे राहिले. ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला तर हे खाकरले. शेवटी बाया टँकरवर चढल्या, सरपंच पुढं बसला आन् पाणी वरच्या वाडीला गेलं. मांडवात धुरळ्यातच भाषणं झाली.

दुपारी साहेबांनी अप्पांना मेमो दिला. बिनाअधिकार आश्वासन दिलं, त्याची नोंद केली नाही, त्यामुळं गावाचे हाल झाले. तीन दिवसांत खुलासा करावा. तीस वर्षांच्या नोकरीतला पहिला सरकारी मेमो. रिटायर व्हायला वर्ष उरलं होतं.

मला वाटलं, अप्पा ताडकन सांगतील, मी असं बोललोच नाही. माझ्या अंगावर आलंच तर बघू, असं मी ठरवलं होतं. पण ते तसं म्हणालेच नाहीत. कारण ज्याला रोज स्वतःची चूक धुंडायची सवय, त्याला चूक सापडली नाही तर तो बाहेर बघत नाही, आणखी आत बघतो. ते लिंबाखाली गेले. अर्धा तास झाला, तास झाला. शेळी वाट बघून निघून गेली. परत आले तेव्हा कागद हातातच होता. त्यावर 'खुलासा करावा' एवढंच होतं, खाली कोरं.

"मी पाठवतो कसं म्हनलो असंन रं?" त्यांनी मला विचारलं. "त्यो शब्द माझ्या तोंडात बसत न्हाई. पन आख्खं गाव म्हनलालंय. खाकरा वळखला म्हनतेत. परवा दुपारी मी काय लिवलं व्हतं ते बी बघता येईना, कागद शेळीला घातला."

मी फायलीत तोंड घातलं.

दुसऱ्या दिवशी ते गुणगुणत नव्हते. विभूतीचे पट्टे वाकडे लागले होते. बाराच्या सुमाराला मला बाजूला घेतलं. "मी आत्ता जेवलो का?"

"न्हाई अप्पा. डबा तसाच हाय."

"हां. मलाबी तसंच वाटलं. पन इचारलेलं बरं." चष्मा काढून उपरण्यानं पुसला. "माझ्या बापाचं असंच झालं व्हतं. पयलं असंच बारकं बारकं. येकदा शेताची वाट चुकला. मग शेवटी शेवटी मी घरात आलो की मला म्हनायचा, या पाव्हणे, बसा. कुन्या गावचे?"

हसू येईल असं काहीतरी बोलावं म्हणून मी तोंड उघडलं. माझ्या तोंडात तेव्हा सगळ्या कचेरीचे आवाज होते, साहेबांचा, शिपायाचा, टायपिस्टचा. त्यातला एकही बाहेर आला नाही. मी हंगामी होतो. एका ओळीच्या ऑर्डरनं घरी जाणार होतो. घरी गेल्यावर काय सांगणार? म्हणलं, अप्पा कायम नोकर आहेत, त्यांना काय होतंय. एक समज देतील आन् सुटतील. असं मी स्वतःला दिवसभर सांगत होतो. त्या दिवशी सुस्कारे मोजले असते तर आवक-जावक क्लार्क हरला असता.

तिसऱ्या दिवशी अप्पांनी मला समोर बसवलं. "तुझं अक्षर चांगलं हाय. मी सांगतो, तू लिही."

मी लिहायला लागलो. ते डोळे मिटून सांगत होते.

"मा. साहेबांचे सेवेशी. उपरोक्त दिवशी मी फोनवर आश्वासन दिले असावे. गावकरी खोटे बोलणार नाहीत. मला मात्र काहीएक आठवत नाही. लिहिलंस? पुढं. सबब माझी स्मृती क्षीण झाली आहे असे मला वाटते. मजमुळे अजून कोणाचा आड रिकामा होऊ नये, म्हणून मला या टेबलावरून..."

माझा पेन थांबला.

"लिही की. या टेबलावरून कमी करावे."

लिहिता येईना. सांगताही येईना. 'अप्पा, तो मी होतो,' एवढे चार शब्द, पण माझ्या स्वतःच्या आवाजात ते निघत नव्हते. मग काय झालं कुणास ठाऊक, माझी हनुवटी आपोआप गळ्यात गेली. मी तीनदा खाकरलो. दोन बारके, एक मोठा.

"हां, बोला. हौदु," मी म्हणलं. "दोन पाठवतो. येक पेयाला, येक पवायला. उद्या सकाळी. आड धुऊन ठेवा."

अप्पांनी डोळे उघडले. माझ्याकडं बघितलं. मग मागं वळून बघितलं, जसं काही तिथं दुसरे अप्पा उभे असावेत.

"पुन्यांदा कर," ते म्हणाले.

मी केलं.

"खाकरा परत कर."

केला.

अप्पा खुर्चीवरून उठले. मी गाल पुढं करून, डोळे घट्ट मिटून उभा राहिलो. मारतील, असंच वाटलं. पण आवाज आला तो वेगळाच. अप्पा हसत होते. टेबलाला धरून हसत होते. "म्हंजी माझं डोकं शाबूत हाय! आरं, शाबूत हाय की! हौदु! हौदु!" त्यांनी शिपायाला बोलावलं, "ह्येच्याकडं बघ! ह्येनं केलं! मी न्हाई, ह्येनं केलं!" शिपायाला काहीच कळलं नाही, तरी तोही हसला. अप्पांनी डबा उघडला आन् साडेअकराला भाकरी खायला बसले. तीन दिवसांची भूक होती. चटणी बोटानं पुसून खाल्ली. मी तसाच उभा.

भाकरी संपल्यावर हात धुतले आन् मग मला एक टप्पल दिली. चांगली सणसणीत. डोळ्यापुढं काजव्यांसकट माहूरगड आला.

"आता तुझा खुलासा लिही. खरा. साहेबाला जानार हाय."

मी लिहिलं. अल्लड वयामुळं, अनवधानानं, परिस्थितीच्या ओघात, अशी पाऊण पान कारणं लिहिली. अप्पांनी पेन घेऊन सगळ्यांवर काट मारली. "काय केलंस तेवढं ठेव. पायजे तर माझ्या आवाजात लिही."

शेवटी तीन ओळी उरल्या. फोनवर अप्पांच्या आवाजात मी बोललो. थट्टा समजून बोललो. तीन दिवस कळूनही गप्प बसलो. तिसरी ओळ अप्पांनी सांगितली नव्हती, ती माझी मीच लिहिली. सही केली आन् मला इतकं हलकं वाटलं की मी साहेबांच्या केबिनीकडं जवळजवळ पळत गेलो. घरी पाठवणार असतील तर पाठवू द्या, असं वाटत होतं. चहा प्यायला निघाल्यासारखा मी मेमो घ्यायला चाललो होतो.

साहेबांनी वाचलं. मग म्हणाले, "माझाही आवाज काढतोस का?"

"हो साहेब."

"काढ."

काढला. साहेब हसले नाहीत, पण घरीही पाठवलं नाही. फोनला हात लावायचा नाही आन् पाऊस पडेपर्यंत वरच्या वाडीच्या टँकरवर रोज स्वतः जायचं, पाणी आडात पडल्याशिवाय परत यायचं नाही, अशी ऑर्डर निघाली.

पहिल्या दिवशी अप्पाही टँकरमध्ये येऊन बसले. "तुम्ही कशाला?" म्हणलं, तर म्हणाले, "मलाबी येक इचारायचंय त्यांना."

आडाजवळ सगळं गाव जमलेलं. मी ड्रायव्हरच्या बाजूनं उतरलो आन् पाईप टाकायच्या आधीच सांगून टाकलं, "फोनवर अप्पा न्हवते. मी व्हतो. चुकलं माझं."

ताटलीवाली म्हातारी जवळ आली. मला खालून वर बघितलं. "ह्यो? ह्येचा आवाज तर शेरडावानी हाय." बाया फिदीफिदी हसल्या. सरपंच हसला नाही. "माझी म्हैस पान्यावाचून दोन दिस वरडलालती," तो म्हणाला. एवढंच म्हणाला. मी मान खाली घातली आन् पाईप धरला. पाणी आडात पडायला लागलं तसा सगळ्यांचा आवाज बंद झाला. पाण्याचा आवाज ऐकत नुसते उभे होते लोक.

अप्पा सरपंचाशेजारी गेले. "येक सांगा सरपंच. दोन टँकर कुनाला भेटत न्हाईत, तुमाला मालूम हाय. मग नुसत्या येका फोनवर हातचं पानी उपसून आड धुतला कसा तुमी?"

सरपंच आडातच बघत होता. "अप्पा, दोन सालं झाली फोन करून करून. जो उचलतो त्यो म्हनतो लिहून घेतो. त्या दिवशी पयल्यांदा कुनीतरी पाठवतो म्हनलं. आमाला दुसरं काय सुचलंच न्हाई."

परत येताना लातूर जवळ आलं तेव्हा अप्पांनी खिशातून पाठकोरा कागद काढला, गाडीच्या हिसक्यात वाकडं तिकडं लिहिलं आन् माझ्या हातात दिलं. "प्रति, स्वतःस. आपण एवढी वर्षे खरे बोललात. परंतु समोरच्याच्या हातात काय दिलेत? खुलासा करावा."

"मग?" मी विचारलं. "खुलासा?"

"अमान्य," अप्पा म्हणाले. चेहरा मात्र असा की जसं काही गुळाचा खडा मिळालाय.

दुसऱ्या दिवसापासून फोनवरचे अप्पा बदलले. माझी नक्कल एका दिवसात जुनी झाली. आता ते साहेबांकडून वार पक्का करून घ्यायचे आन् गावाला सांगायचे, "बुधवारी येतंय. न्हाई आलं, तर मी येतो." लोकांना वाटायचं, म्हातारा बोलायला बोलतोय. पण एका बुधवारी टँकरच्या स्प्रिंगचा पाटा तुटला, गाडी जागेवर बसली. अप्पांनी टोपी घातली, एसटी धरली, पुढं तीन मैल चालत गेले आन् बिनपाण्याचे त्या गावात जाऊन उभे राहिले. टँकरच्या जागी अप्पा.

संध्याकाळी कचेरी बंद व्हायच्या आत परत आले. धोतर धुळीनं लाल, चेहरा खुललेला. आम्ही सगळे भोवती गोळा झालो.

"लई शिव्या दिल्या बायांनी," ते खुर्चीत बसत म्हणाले. "येक तर काय बोलली! थांबा, करून दाखवतो." आन् अप्पांनी डोक्यावरून उपरणं घेतलं, कमरेवर हात ठेवले आन् त्या बाईचा आवाज काढायला लागले.

आवाज बाईचा नव्हता. माणसाचाही नव्हता. मधेच खाकरा, मधेच कानडी, शिवी निम्मी विसरून परत पहिल्यापासून. आता मी नांदेडला असतो, कार्यक्रमात नकला करतो, पुष्कळ नकलाकार बघितलेत. इतकी वाईट नक्कल जन्मात बघितली नाही. साहेब केबिनीतून बाहेर आले होते. आवक-जावक क्लार्क पोट धरून जमिनीवर बसला होता. अप्पांनी उपरण्यातून माझ्याकडं बघितलं.

"जमलालं का रं?"

"हुबेहूब, अप्पा," मी म्हणलं.

तेवढी एक थाप मी मारली, आन् तिचा खुलासा मी आजवर कुणालाच दिलेला नाही.